पालथं पडून बघायची जागा

घोडेगावच्या बाजारात म्हैस विकायला उभी करतात तेव्हा तिचे पुढचे पाय जरा उंचवट्यावर ठेवतात. म्हणजे ती खांद्यात भरदार दिसते. शिंगांना तेल चोळतात. आदल्या संध्याकाळची धार काढत नाहीत, म्हणजे कास तुंबून टम्म दिसते. घेणाराही काही काल जन्मलेला नसतो. तो आल्या आल्या म्हशीला सपाटीवर ओढतो, चालवून बघतो, तोंड उघडून दात बघतो, स्वतः खाली बसून धार काढून बघतो आणि मगच इसार हातावर ठेवतो. इसार म्हणजे व्यवहार पक्का केल्याची आगाऊ रक्कम. इसार दिला की मागं फिरायचं नाही. फिरलं तर इसार बुडाला. माझा सारा जन्म या बाजाराच्या धुळीत गेला. फसवणारेही माझेच दोस्त आणि फसणारेही माझेच पाव्हणे.

माझं एकुलतं एक पोरगं मात्र पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. ते भाजी फोनवर मागवतं, चपला फोनवर मागवतं. चपला लहान आल्या तर परत पाठवतं. हे ठीक आहे. चप्पल परत जाते. पण एके दिवशी त्याने जमीन फोनवर मागवायचं काढलं, आणि तिथून सगळी गंमत सुरू झाली.

"आप्पा, खर्ड्याजवळ फार्महाउसचा प्लॉट बघितलाय. समोर किल्ला दिसतो."

"कधी गेल्ता?"

"गेलो नाही. व्हिडिओ बघितला."

"म्हशीला चालवून बघितलं न्हाई म्हन की."

"आप्पा, ही म्हैस नाही."

"मग तर लईच बघाया पायजे. म्हैस निदान हंबरती तरी."

त्याला हसू आलं नाही. पुण्याच्या लोकांना कामाच्या दिवशी हसू येत नसावं.

शेवटी मीच निघालो. बरोबर माझा लंगोटीयार घेतला. हा गडी हेडी आहे, म्हणजे जनावरांचा दलाल. त्याच्या तोंडातून खरं शेवटचं कधी निघालं ते त्यालाही आठवत नाही, पण दुसऱ्याचं खोटं ओळखण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आम्ही दोघं एसटीने नगरला, तिथून जामखेडला, तिथून खर्ड्याला गेलो. पाठीचा पार भुगा झाला. पोराने पत्ता पाठवला होता तिथं पोचलो तर उघड्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि कापडी मांडवाखाली एक तरणा गडी खुर्चीवर पेंगत होता. मी आठही दिशांना फिरून बघितलं. किल्ला काही दिसेना.

"किल्ला दिसतो असं म्हनलं हुतं," मी त्याला म्हणालो.

"दिसतो की."

"कुठून?"

त्याने बोट केलं. बाजूला पाण्याची उंच टाकी होती.

हेड्याला अंगातली खुमखुमी गप्प बसू देईना. त्याने धोतर खोचलं आणि टाकीच्या शिडीवर चढला. चार-सहा पायऱ्या चढून वरून ओरडला, "आजून न्हाई दिसत रं!" आणखी दोन चढला. "आता एक बुरूज दिसतोय. जागा घ्यायची तर टाकीबी इकत घे!"

मी पोराला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते." तो प्लॉट त्याने सोडला, पण नाद सोडला नाही. रोज नवी जागा यायची. कुठं नदीकाठ, कुठं डोंगर, कुठं नारळाची झाडं. नारळाची झाडं म्हणे पारनेरच्या कोरड्या माळावर.

आता तुम्ही म्हणाल, पोराने स्वतःच्या पैशाने काहीही घेतलं तर म्हाताऱ्याच्या पोटात का दुखतं. तर दुखण्याचं कारण सांगतो.

आमचा नाल्यापलीकडं एक माळाचा तुकडा आहे. लहानसाच. माझ्या कारभारणीच्या नावावर होता. लग्न होऊन आली तेव्हा त्यात नुसते दगड होते. तिचे भाऊ चेष्टा करायचे, "दाजी, यंदा दगड कसे लागलेत?" तिने वर्षानुवर्षं ते वेचले. म्हशीला चारा टाकून झाला की निघायची, पाटी घेऊन. वेचलेल्या दगडांचा तिने बांध घातला. चांगला कमरेएवढा. तो बांध बघून मला आता वाटतं, या बाईच्या मनात आलं असतं तर हिने किल्लाही बांधला असता, आणि तो टाकीवर न चढता दिसला असता.

ती जायच्या आधी मला म्हणाली होती, "अवं, मला नदीत नका टाकू. वाहत कुठं जाईन कोन जानं. माळावर टाका. झाड लावा. निदान कुनी पानी तरी घालील." आमच्याकडं आता बरेच लोक असं करतात. सावडायच्या दिवशी राख नदीला न नेता आपल्याच रानात खड्डा करून टाकतात आणि वर झाड लावतात. आम्हीही तेच केलं. राख पोराने स्वतःच्या हाताने टाकली. वर केशर आंब्याचं कलम लावलं. भर उन्हाळा होता, माळ करपून काळा पडला होता, आणि कलम बोटाएवढं. दहावा-तेरावा झाला, पोरगं पुण्याला गेलं. त्याला तीन उन्हाळे झाले. मधे येऊन गेला, पण घरी. माळावर नाही.

मी रोज जातो. पाणी घालतो. दोनदा या हेड्याच्या शेळ्यांनी त्या कलमाचा शेंडा खाल्ला. त्याला मी इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. तरी झाड तगलं. आता माझ्या छातीला लागतं.

आणि पोराला हाच तुकडा विकायचा होता.

"पडीकच आहे ना तो आप्पा. रस्त्यावरचा ढाबेवाला मागतोय. त्याला ट्रक उभे करायला जागा पाहिजे. त्यातून आपण चांगली जागा घेऊ. तुम्ही तिथं राहा, आम्ही दर शनिवारी येऊ. या घरात तुम्ही एकटे काय करता? भिंतीकडं बघत बसता."

हे मात्र त्याचं खरं होतं. मी भिंतीकडं बघत बसतो. त्या भिंतीला तिने शेणाने सारवताना ओढलेल्या बोटांचे फराटे आहेत.

"आन् आई?" मी विचारलं.

तो जरा अडखळला. "झाड आपण नव्या जागेत लावू. चांगलं मोठं. नर्सरीत तयार मिळतं."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर मी त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. पण तो हे माझ्यासाठी करत होता, आणि माझ्यासाठी करणाऱ्याला नाही म्हणायला मला कधी जमलं नाही. ती गेल्यावर तुकड्यावर माझं आणि त्याचं अशी दोघांची नावं लागली होती. सही माझी पाहिजेच होती. दिवाळीनंतर करू, असं म्हणून मी दिवस ढकलत होतो. ढाबेवाला मात्र येता-जाता माळाकडं असा बघायचा, जसा पाव्हणा ताटाकडं बघतो. तिथं आधी जेसीबी फिरणार, मग खडी पडणार, आणि मग तिच्या उरावर ट्रक उभे राहणार.

हे सगळं मी एका संध्याकाळी हेड्याच्या गोठ्यात बसून त्याला सांगत होतो. त्याचं लक्ष फोनमध्ये. हल्ली तोही म्हशी फोनवर विकतो.

"ही बघ," तो म्हणाला, "काय म्हैस हाय!"

बघितली. खरंच देखणी. काळी कुळकुळीत, शिंगं चमकताहेत, कास भरलेली.

"कुनाची रं?"

"ही काय," म्हणून त्याने मागं हात केला.

मागं खुंट्याला एक हडकुळी म्हैस उभी होती. बरगड्या मोजाव्यात अशी. माशा वारताना तिची शेपटीसुद्धा दमत होती.

"हीच का ती?"

"हीच. फोटू काढताना मी पालथा पडलो. खालून काढला की जनावर हत्तीवानी दिसतं."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. कुणाच्या डोक्यात आधी आलं ते सांगता येत नाही. तो म्हणतो त्याच्या, मी म्हणतो माझ्या. पण ठरलं असं, की माळाच्या तुकड्याची जाहिरात करायची आणि ती पोराला दिसेल अशी फोनवर सोडायची. माझा डाव साधा होता. पोरगं जाहिरात बघेल, आंबा ओळखेल, फोन करून हसेल, म्हणेल, आप्पा, हा काय चावटपणा. मग मी म्हणेन, बघ बाबा, आपलीच जागा एवढी चांगली आहे, विकतोस कशाला? एवढंच.

पाऊसकाळ सरत आला होता. करपलेला माळही तेव्हा हिरवा असतो. हेड्याने सकाळी सकाळी, पोरगं कधी गेलं नव्हतं त्या पाठीमागच्या बाजूने, शेजाऱ्याच्या शेततळ्याच्या भरावावर चढून व्हिडिओ काढला. शेततळ्यात अंथरलेला निळा प्लास्टिकचा कागद उन्हात असा चमकला की तलावच. शेजाऱ्याचा ऊस मागं डोलत होता, तो आमचाच झाला. मग गडी आंब्यापाशी आला आणि पालथा पडला. पोट सुटलेलं, त्यामुळं तो मधोमध टेकलेल्या होडीसारखा डुलत होता.

"नीट धर की!" मी म्हणालो.

"कुसळं टोचतात रं!"

"टोचू दे. शेळ्यांचं पाप फेड."

छातीएवढं झाड फोनमध्ये असं दिसलं, की त्याच्याखाली लग्नाची पंगत बसावी. आवाज म्हणून त्याने आपल्या अंगणातल्या कोंबड्या जोडल्या.

मजकूर त्याच्या सुनेने लिहिला. ती गावात ब्युटी पार्लर चालवते, त्यामुळं कशाला काय लावलं म्हणजे कसं दिसतं हे तिला कळतं. तिने लिहिलं: तलावासमोर, आमराईतली शांत जागा, पक्ष्यांच्या किलबिलाटात.

"एका झाडाची आमराई कशी गं?" मी विचारलं.

"एक म्हैस बांधली तरी गोठाच म्हनतात ना आप्पा?" ती म्हणाली.

भावही त्यांनीच ठरवला. ढाबेवाला देत होता त्याच्या तिप्पट. "स्वस्त म्हनलं की गिऱ्हाईक दात बघाया लागतं," हेडी म्हणाला.

जाहिरात जागांच्या ॲपवर चढली. खाली नंबर दिला तो हेड्याच्या दुसऱ्या फोनचा, जो सुनेकडं असतो. त्याचा स्वतःचा आवाज माझ्या पोराने लहानपणापासून ऐकलेला, म्हणून बोलायचं काम सुनेकडं.

दोन दिवसांनी पोराचा मला फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"आप्पा, जागा सापडली! आणि कुठं माहितीये? घोडेगावपासून दहा मिनिटांवर. आपल्या घरापासून जवळच असणार. समोर तलाव आहे. आणि आंब्याचं एक झाड आहे, काय सांगू तुम्हाला."

मी कान टवकारले. आता म्हणेल, मग म्हणेल.

"कसलं झाड हाय?" मी विचारलं.

"मोठं. जुनं असणार. आप्पा, आईला असली जागा फार आवडली असती."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. समोर भिंत होती. त्या क्षणी मला त्याला सगळं सांगून टाकावं असं वाटलं, आणि त्याच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं. दोन्ही फोनवरून जमण्यासारखं नव्हतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. मग बघाया कधी येतोस?"

"बघायचं काय त्यात? व्हिडिओ आहे, नेमकं ठिकाण नंतर पाठवणार आहेत. त्या मॅडमशी बोललो. त्या म्हणाल्या, व्ह्यू एकदम ओरिजिनल आहे सर, दुसरी पार्टी तयार आहे. म्हणून मी टोकन पाठवूनसुद्धा दिलं."

टोकन म्हणजे इसार. माझ्या पोराने न बघता इसार दिला होता. आणि कशाचा? तर आपल्याच माळाचा.

"आता तो आपला माळ ढाबेवाल्याला देऊन टाकू," तो पुढं म्हणाला, "म्हणजे याचे पैसे भागतील. वरचे मी घालीन."

मला हसू आवरेना, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. पोरगं तीच जागा विकून तीच जागा घेणार होतं, आणि वर पदरचे घालणार होतं. हा हिशेब घोडेगावच्या बाजारात आजवर एकाही माणसाने केला नसेल. दारू पिऊनही नाही.

"घे," मी म्हणालो. "पन इसार दिलाय तर निदान जागा बघून तरी ये. ऐतवारी ये."

"बघू."

"बघू न्हाई. माझी सही पायजे ना? मग ये."

रविवारला अजून चार-पाच दिवस होते. तोवर एक नवीनच प्रकार सुरू झाला. जाहिरात बघून माणसांचे फोन यायला लागले. सून पार्लर सांभाळून बोलायला कंटाळली आणि तिने तो फोन माझ्याकडं दिला. पोराचा नंबर आला तर उचलायचा नाही, एवढं बजावलं. मी तो घेऊन माळावर जायचो आणि आंब्याला पाणी घालून तिथंच बसायचो. फोन वाजला की स्पीकर लावायचो.

"किती सुंदर जागा आहे हो!" एक बाई म्हणाली. "इतकी हिरवळ! कोणी जपली?"

मी आंब्याकडं बघून हळूच म्हणालो, "ऐकलं का?"

"काय?" बाई म्हणाली.

"तुमाला न्हाई. बोला तुमी."

आयुष्यभर त्या तुकड्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तिचे भाऊ नाही, शेजारी नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. मी तिला म्हणायचो, दगडं वेचून तुला कोन शाल देनार हाय? आता दूरदूरच्या शहरातली माणसं फोन करकरून कौतुक करत होती आणि ती गुमान ऐकत होती. एक माणूस म्हणाला, तो दगडी बांध काय कलाकारीने घातलाय, कोणता कारागीर होता? मी म्हणालो, "कारागीर न्हाई आता. आन् असली तरी तुमच्याकडं आली नसती. लई तोऱ्याची हुती."

प्रत्येकाला शेवटी मी एकच सांगायचो. येऊन बघा, न बघता देणार नाही. एवढं म्हटलं की फोन ठेवायचे. येणारा एकही निघाला नाही.

रविवारी सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन माळावर जाऊन बसलो. हेडी उसाच्या कडेला लपला. त्याला लपायचं काही कारण नव्हतं, पण गंमत चुकवायची नव्हती. उन्हं वर आली तेव्हा पोराची गाडी दिसली. आमच्या घरावरून सरळ पुढं गेली. पुढं जाऊन थांबली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. फोनमधली बाई त्याला वाट दाखवत होती आणि याला वाटत होतं बाई चुकली. शेवटी गाडी नाल्याच्या अलीकडं उभी राहिली. पुढं रस्ताच नाही. पोरगं उतरलं. पायात पांढरे बूट. एका हातात फोन. फोनकडं बघायचं, समोर बघायचं, परत फोनकडं. नाला ओलांडताना एक बूट चिखलात गेला.

मला बघून तो थबकला.

"आप्पा? तुम्ही इथं काय करताय?"

"गिऱ्हाईकाची वाट बघतोय."

"कुणाची?"

"तुझी. मालक मीच हाय. बस, चहा घे."

तो बसला नाही. गोल फिरून बघायला लागला. शेततळं बघितलं. ऊस बघितला. फोनमध्ये बघितलं. दगडी बांधावर त्याची नजर गेली आणि तिथंच अडकली. मग हळूच आंब्याकडं वळली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग कसा कसा बदलत गेला ते मी बघत होतो, आणि खरं सांगतो, मला त्यात मजा वाटत होती तितकंच आतून काही तुटतही होतं.

"हे झाड..." तो म्हणाला. "हे एवढंसं..."

"मोठंच हाय. पालथं पडून बघ. खालून मोठं दिसतं."

मी चेष्टेने म्हणालो होतो. पण तो खरंच गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. चांगला इस्तरीचा शर्ट होता, तसाच मातीत पालथा पडला आणि मान वर करून बुंध्यापासून शेंड्याकडं बघायला लागला. ज्या जागी त्याने राख टाकली होती बरोबर त्याच जागी त्याची हनुवटी टेकली होती. बराच वेळ तो उठला नाही. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. बांधाचा एक दगड सरकला होता तो नीट बसवला, परत काढला, परत बसवला.

"आप्पा," तो पडल्या पडल्याच म्हणाला, "मी तुम्हाला म्हणालो होतो, आईला आवडली असती अशी जागा आहे."

"व्हय."

"तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलनार? खरंच म्हनत हुतास की."

एवढ्यात हेड्याला उसात शिंक आली आणि तो बाहेर पडला. पोराने उठून त्याच्याकडं बघितलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"काका! ती मॅडम म्हणजे..."

"आमची सून. बोलाया गोड हाय ना?" हेडी दात काढत म्हणाला. "आता बोला धनी. व्यवहार करायचा का मोडायचा? मोडला तर इसार बुडाला बरं का. घोडेगावचा रिवाज हाय."

"करायचा," पोरगं म्हणालं. "कुणालाच द्यायची नाही ही. तो ढाबेवाला गेला खड्ड्यात."

"मग माझी दलाली?"

"तुझ्या शेळ्यांनी दोनदा शेंडा खाल्लाय, तीच तुझी दलाली," मी म्हणालो. इसाराच्या पैशाचं काय करायचं तेही तिथंच ठरलं. झाडाला भोवताली तारेचं कुंपण. हेड्याने तोंड वाकडं केलं, कारण त्या कुंपणाचा रोख कुणाच्या शेळ्यांवर आहे हे त्याला बरोबर कळलं.

मग आम्ही तिघं चहा प्यायलो. पोराच्या शर्टाला पुढून सगळी कुसळं चिकटली होती. तो एकेक उपटत बसला होता. त्याने विचारलं, पाणी कुठून आणता? मी सांगितलं, शेजाऱ्याच्या तळ्यातून, कळशीने. तो उठला आणि कळशी घेऊन गेला. येताना निम्मं पाणी पांढऱ्या बुटांवर सांडलं. उरलेलं झाडाला घातलं. निम्मं का होईना, पण त्याच्या हातचं.

तेवढ्यात जाहिरातीचा फोन वाजला. मी सवयीने स्पीकर लावला. एक माणूस घाईघाईने म्हणाला, मी ठाण्याहून बोलतोय, जागा मला फार पसंत पडली आहे, बघायला यायला वेळ नाही, टोकन आत्ता पाठवतो, व्ह्यू खरंच तसाच आहे ना?

मी तोंड उघडणार तोच पोराने माझ्या हातातून फोन घेतला. पुण्याला गेल्यापासून त्याची जीभ मऊ झाली होती. त्या दिवशी मात्र ती आपल्या मूळ जागेवर आली.

"कशाचा व्ह्यू, साहेब?" तो म्हणाला. "नुसता माळ हाय. दगडं हायेत. कुसळं लई. रस्ता न्हाई, बूट चिखलात जात्यात. तळं शेजाऱ्याचं, ऊस शेजाऱ्याचा, आन् वरडत्यात त्या कोंबड्या हायेत."

पलीकडचा माणूस गांगरला. "मग झाड? ते आंब्याचं मोठं झाड?"

पोराने झाडाकडं बघितलं.

"ते तेवढं खरं हाय," तो म्हणाला. "पन ते विकायचं न्हाई."